मांडवाशेजारच्या कांजण्या

कांजण्या लपवून ठेवायच्या असतील तर नागपूरचा मे महिना निवडू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. थंडीत माणूस अंगभर कपडे घालून, कानाला मफलर गुंडाळून हिंडला तर लोक त्याला प्रकृतीला जपणारा म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात एखादा दारं-खिडक्या लावून आत बसला आणि रात्री अंगणात खाट टाकायला आला नाही, तर लोक आधी त्याची चौकशी करतात आणि मग त्याच्या बायकोची.

हे सगळं सुरू झालं माझ्या विद्वत्तेमुळं. मी नववीला शरीरशास्त्र आणि आरोग्य शिकवतो. आमच्या हनुमाननगरच्या गल्लीत समोर रामाजी राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. एप्रिलच्या शेवटी त्यांच्या नातीला, गोपिकाला, कांजण्या झाल्या. म्हणजे दारावर कडुलिंबाचे डहाळे लागले, घरात फोडणी बंद झाली, चपला फाटकाबाहेर गेल्या आणि सहा वर्षांच्या त्या पोरीला सगळे 'माय' म्हणू लागले. आजाराचं नाव घेतलं तर माय रागावते, म्हणून तेही बंद. समाचाराला गेलो तेव्हा मी मुद्दाम चपला घालूनच आत शिरलो.

"मास्तर, चपला बाहेर काढा गा," रामाजी हात जोडून म्हणाले. "घरी माय आली हाये."

"रामाजी, ही माय नाही, विषाणू आहे," मी म्हणालो आणि पोरीच्या खाटेवर बसलो. "डोळ्यांना न दिसणारा शत्रू. तो शरीरात शिरला की आपल्या रक्तातलं सैन्य धावून जातं. ताप येतो तो त्या लढाईचा. लढाई संपली की शरीर त्या शत्रूचा चेहरा पक्का लक्षात ठेवतं, जन्मभर विसरत नाही. मला लहानपणीच झाल्या होत्या. आता हा विषाणू माझ्या नाकाशी येऊन गेला तरी त्याची काय टाप आहे!"

आणि एवढ्यावर न थांबता मी गोपिकाच्या ताटलीतला दहीभात घासभर खाऊन दाखवला. दारात बायका जमल्या होत्या. त्यांच्या तोंडाला पदर लागलेले पाहून मला फार बरं वाटलं. रामाजींचा चेहरा मात्र उतरला होता, आणि तिकडं माझं लक्ष नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लागून ताराचंद राहतो. पोस्टात आहे. त्याच्या मुलीचं, प्रेमलतेचं, लग्न मेच्या मध्याला होतं, आणि ती सोयरीक मी जमवली होती. नरखेडकडच्या एका खेड्यातले देवराव, त्यांची संत्र्याची बाग, मुलगा वसंत बीए झालेला. प्रेमलतेच्या आधीच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या. एक कुंडलीवरून, आणि दुसरी बोलणी चालू असताना स्वयंपाकघरात कुणीतरी शिंकलं म्हणून. पोरगी सव्वीस वर्षांची झाली होती आणि ताराचंदच्या बायकोला, बायजाबाईला, झोप येत नव्हती. देवरावांकडची मंडळी रीतीभातीला फार कडक. त्यांची म्हातारी आई अंजनाबाई हिच्या शब्दाबाहेर घरातलं मांजरसुद्धा जात नाही, असं ऐकलं होतं. अशा घरी मी शब्द टाकला आणि तो मानला गेला. मला दिवसातून दोनदा तरी या गोष्टीची आठवण ताराचंदला करून द्यावीशी वाटे.

लग्नाला दोन दिवस उरले आणि मला ताप भरला. "ऊन लागलं," असं गल्लीनं एकमतानं ठरवलं. एकीनं तळपायाला कांदा किसून चोळायला सांगितला, दुसरीनं कैरीचं पन्हं पाठवलं, तिसऱ्यानं ओल्या चादरीत झोपायला लावलं. हे सगळं मी केलं. हळदीच्या दिवशी सकाळी बनियन काढला तर उत्तरा, म्हणजे माझी बायको, हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली.

"अहो, पाठीवर काय उठून राहिलं हे?"

"घामोळं."

"घामोळ्याला पाणी भरलेले फोड येतात का?"

"माझं घामोळं आहे ते. मला कांजण्या होऊन गेल्यात. पाचव्या वर्षी. आई नेहमी सांगायची, मी कसा खाटेवर बसून राजासारखा हुकूम सोडत होतो ते."

उत्तरेनं तांब्या खाली ठेवला. "सासूबाई ते मोठ्या भाऊजींबद्दल सांगायच्या. तुम्हाला तेव्हा मामाकडे पाठवलं होतं, लागण नको म्हणून. मी चार वेळा ऐकलंय."

मी आठवून पाहिलं. खाट आठवली, हुकूम आठवले, आणि मामाकडे नेण्याआधी दारातून पाहिलेला, त्या खाटेवर बसलेला दादाही आठवला. म्हणजे गेली पस्तीस वर्षं मी भावाच्या कांजण्यांवर फुशारकी मारत होतो. माझ्या शरीरानं मात्र कधीच न पाहिलेला शत्रू लक्षात ठेवला नव्हता, आणि यात त्याची काहीच चूक नव्हती. त्या क्षणी मला रामाजींकडचा दहीभात आठवला.

भिंतीपलीकडं हळदीची गाणी चालू होती. उत्तरा हळूच ताराचंदला बोलावून आली. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो उंबरठ्यावरच बसला.

"गेलं, मास्तर. सगळं गेलं. शेजारी माय आली म्हणून समजलं तं ते वरात वापस नेतीन. माय असताना लगन चालत नाई, दिवाळीनंतर पाहू म्हनतीन. मंग दिवाळी येत नाई गा, मले मालूम हाये."

"ताराचंद, विषाणू आणि लग्न यांचा काहीएक संबंध..."

"मले सांगू नका. अंजनाबाईले सांगा."

शेवटी असं ठरलं की लग्न होईपर्यंत मी मागच्या खोलीत दडून राहायचं. वरपक्षानं विचारलं तर मास्तर बुटीबोरीला पाहुण्याच्या अंत्यविधीला गेलेत असं सांगायचं. पाहुणा कोण, हे ठरवायचं राहून गेलं, आणि पुढं त्यानं बराच घोळ झाला.

हा बेत तसा लहानसाच होता, पण बायजाबाईंना कळल्याबरोबर तो वाढायला लागला. मुलीच्या हळदीतून उठून त्या मागच्या दारानं आमच्याकडे आल्या आणि दुरूनच माझ्या पाया पडल्या. त्यांचं म्हणणं, लपवायचं ते लपवा, पण मायचा मान झालाच पाहिजे. नाहीतर ती माझ्या पोरीच्या लग्नावर राग काढील. मग उशीखाली कडुलिंब आला. आमच्या घरातली फोडणी बंद झाली. साबण बंद, दाढी बंद, मीठसुद्धा बेताचं. सदऱ्याचं कापड फोडांना टोचत होतं म्हणून उत्तरेनं तिचं जुनं, मऊ झालेलं हिरवं लुगडं मला गुंडाळलं. खाज थांबावी म्हणून बायजाबाईंनी हळद आणि कडुलिंबाचा लेप पाठवला, तो तोंडालाही लावला गेला. मी आरशात पाहिलं नाही. शरीरशास्त्राच्या शिक्षकानं त्या अवस्थेत आरशात पाहू नये.

मी या सगळ्याला मान डोलावली, कारण पलीकडून प्रेमलतेचा आवाज ऐकू येत होता. तिच्या मैत्रिणी काहीतरी बोलल्या आणि ती मोकळं हसली. ती पोरगी हसलेली मी दोन वर्षांत ऐकली नव्हती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. एक घास दहीभात मी खाल्ला नसता तर मी आज फेटा बांधून मांडवाच्या दाराशी उभा असतो.

आता रामाजी. ते काही वाईट माणूस नाहीत, पण मी त्यांच्याकडच्या मायच्या खाटेशी चपला घालून गेलो होतो हे ते विसरले नव्हते. आणि त्यांचं नाक तेज. लग्नाच्या दिवशी, सगळ्या गल्लीत फोडणीचा वास, आणि मास्तरांच्या घरातून तेवढा येत नाही. दारं बंद, आणि मागच्या अंगणात कडुलिंबाच्या काड्या. त्या वर्षी गावोगाव भिंतींवर जाहिराती रंगवल्या होत्या, की देवीचा रोगी दाखवा आणि बक्षीस मिळवा. मोठी देवी देशातून गेली असं सरकार म्हणत होतं आणि चुकून कुठं उरली तर नाही ना, हे पाहत होतं. रामाजींनी आपल्या नातीच्या वेळी ही जाहिरात वाचूनही काही केलं नव्हतं. घरच्या मायची खबर कोण देतं? पण मास्तरच्या घरी आलेली माय ही वेगळी गोष्ट होती. त्यांनी सायकल काढली.

संध्याकाळी वरात गल्लीत शिरली. मागच्या खोलीच्या खिडकीतून बोळाच्या तोंडाशी गल्ली दिसते; मी तिच्या फटीतून पाहत होतो. बँड, गॅसबत्त्या, घोडीवर बाशिंग बांधलेला वसंत, मागं देवराव आणि बैलांच्या दमणीत बसलेली अंजनाबाई.

"आमचे मास्तर कोठी हायेत गा?" देवरावांनी उतरल्याबरोबर विचारलं.

"बुटीबोरीले गेले, मावशी गेली त्याहिची," ताराचंद म्हणाला.

"काका गेले," पाठीमागून बायजाबाई म्हणाल्या.

"मावशीचे काका," ताराचंदनं सावरून घेतलं.

देवराव कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचारणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सरकारी जीप येऊन थांबली. तिच्यातून पांढऱ्या कोटातला एक तरुण डॉक्टर, दोन परिचारिका आणि रामाजी उतरले.

आणीबाणीच्या त्या उन्हाळ्यात आरोग्य खात्याची गाडी दिसली की पुरुषमंडळींना एकच गोष्ट आठवायची. "नसबंदी!" असं कोणीतरी ओरडलं, आणि नंतर जे झालं ते मी याआधी कुठल्याही लग्नात पाहिलेलं नाही. दोन मिनिटांत गल्लीत एक पुरुष उरला नाही. बँडवाल्यांनी क्लॅरिनेट टाकून कुंपणावरून उड्या मारल्या. देवराव बुंदीच्या कढईमागं गेले. ज्यांची नातवंडं लग्नाला आली होती असे म्हातारेही पळाले. घोडीवरून उतरून वसंत बोळात शिरला आणि जो दरवाजा उघडा दिसला त्यात त्यानं उडी घेतली. तो दरवाजा आमच्या मागच्या खोलीचा होता; बायजाबाई लेप देऊन जाताना तो लावायला विसरल्या होत्या.

खोलीत अंधार होता. वाळ्याच्या पडद्यातून येईल तेवढाच उजेड. समोर हिरवं लुगडं नेसलेलं, पिवळ्या तोंडाचं, अंगभर फोड असलेलं आणि हातात कडुलिंबाचा डहाळा घेतलेलं काहीतरी खाटेवर बसलंय, हे पाहून नवरदेवाचे डोळे पांढरे झाले. तो सरळ लोटांगणच घालून मोकळा झाला.

"माय, माफ कर वं! मी नसबंदीले भेलो!"

"अरे वसंता, मी आहे," मी त्याला धीर द्यावा म्हणून म्हणालो.

माझा आवाज मुळात जरा जाड आहे. शिवाय घशातही फोड आले होते. "माय बोलली! माय बोलली!" करत तो बाशिंगासकट बाहेर पळाला, आणि त्याच्या आवाजानं सगळी वरात, मांडव आणि गल्ली आमच्या मागच्या दारात गोळा झाली. सगळ्यांच्या पुढं डॉक्टर होते.

"रोगी हाच का?" त्यांनी रामाजींना विचारलं. मग मला म्हणाले, "बाई, जरा पदर बाजूला घ्या."

त्यांना मिशी दिसली तेव्हा ते थोडे थांबले. मग दिव्याखाली माझे तळहात पाहिले, तळपाय पाहिले, पाठ पाहिली. लुगडं वर, लुगडं खाली. दारात माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या आया होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. मला नुसती लुगड्याची निरी सापडली असती तरी चाललं असतं.

"कांजण्याच आहेत," डॉक्टर म्हणाले. "देवीचे फोड तळव्यांवर जास्त येतात, यांचे पाठी-पोटावर आहेत. पण मोठ्या माणसाला इतक्या जोरानं आल्यात, त्यामुळं मला पाणी काढून तपासायला पाठवावं लागेल. उत्तर येईपर्यंत नियमाप्रमाणं इथल्या प्रत्येकाला देवीची लस टोचावी लागेल."

लस दंडावर टोचतात हे कळल्यावर पुरुष एकेक करून परतले. बाकीच्यांना धीर यावा म्हणून पहिली नवरदेवाला टोचली. मग नवरीला, वरमाईला, आचाऱ्याला, भटजींना, बँडवाल्यांना. मोठी देवी या गल्लीत नव्हती. तिच्यासाठी सगळे दंड उघडे करत होते. जी छोटी होती ती माझ्या अंगावर होती, आणि तिच्यावर डॉक्टरांच्या पेटीत काही नव्हतं. मला ते कळत होतं. मी तसं बोलायलाही हवं होतं.

डॉक्टर गेले आणि मग खरी वेळ आली. देवराव दंडावर हात दाबत, आमच्या मागच्या अंगणाला लागूनच घातलेल्या मांडवाच्या मधोमध उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही शबूद देल्ला म्हणून आम्ही आलो. शेजारी माय बसली अन् आमाले बुटीबोरी सांगता? तुमी दोघंही आमाले खोटं बोलले. हे लगन होत नाई."

ताराचंदनं डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. प्रेमलता त्यांच्या मागच्या दारात उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, दंडावर रक्ताचा टिपका. ती रडत नव्हती. तिसऱ्या वेळेची तयारी केल्यासारखी ती खाली पाहत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

मी खोलीच्या दारात आलो. म्हणालो, "देवराव, दोष माझा आहे. ताराचंदचा नाही. हा आजार..."

"चूप राय, देवबा," मांडवाच्या कडेनं देवरावांना दटावणारा आवाज आला. अंजनाबाई काठी टेकत आली. तिनं मला खालून वर पाहिलं. लुगडं, हळद, डहाळा, सगळं. मग ती काठी बाजूला ठेवून माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"लोकं मायले बोलावतेत, नवस करतेत, तरी येत नाई. अन् इथं आपल्या वसंताच्या लग्नाले सोता चालून आली. तिच्या दारातून वरात वापस नेशीन? कोन्या तोंडानं नेशीन?" मग ती माझ्याकडं वळली. "पन तिलेच इचारू. माय, तुही मर्जी काय हाये? हे लगन होऊ दे म्हनते का नाई?"

प्रश्नपत्रिका वाटण्याआधी पोरं पाहतात तशी सगळी वरात माझ्या तोंडाकडं पाहत होती. मी तोंड उघडलं. माझ्याजवळ सगळं तयार होतं: विषाणू, रक्तातलं सैन्य, ताप म्हणजे लढाई. मी एक वाक्य बोललो असतो तरी रामाजींसमोर माझी शान राहिली असती. पलीकडं प्रेमलतेनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"लग्न करा," मी म्हणालो. आवाज नेहमीपेक्षाही जाड निघाला. "मी खूश आहे."

मग काय विचारता! अंजनाबाईनं माझ्या मांडीवर खण, नारळ आणि तांदूळ घालून ओटी भरली. माझ्या कपाळाला कुंकू लागलं. बायका रांगेनं येऊन पायावर डोकं ठेवत होत्या, पोरांना माझ्या मांडीवर टेकवत होत्या, माझ्या समोरचा दहीभात घासघास प्रसाद म्हणून नेत होत्या. त्यांना अडवायला मी दोनदा हात वर केला. त्यांनी तो आशीर्वाद समजून पुन्हा नमस्कार केला. रामाजी सगळ्यांत शेवटी आले. त्यांनी चपला दूर काढल्या आणि साष्टांग घातलं. मी डोळे मिटून घेतले. शेजारी माय बसलेली असताना फोडणी कशी चालेल, म्हणून अंजनाबाईच्या हुकमानं आचाऱ्यानं फोडणीचं वरण ओतून दिलं, आणि तीनशे माणसांनी दहीभात आणि बुंदी खाऊन लग्न साजरं केलं. मंगलाष्टकं मी आतून ऐकली. ती संपली तेव्हा बायजाबाई भिंतीला टेकून हुंदके देत होत्या आणि मीही रडलो. ताप होता, असं उत्तरेला सांगितलं.

जूनच्या शेवटी माझ्या खपल्या केव्हाच पडून गेल्या होत्या. तपासणीचं उत्तर आलं होतं, मोठी देवी नाही. एक दिवस सकाळी देवराव गावरान आंब्यांची टोपली घेऊन दारात उभे. त्यांनी चपला फाटकाबाहेर काढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर ताजे वण होते.

"गावात कसं काय?" मी विचारलं.

"घरोघर माय फिरून राहिली, मास्तर! आधी वसंत, मंग मी, मंग सारी वरात. सूनबाईले बी आली. तिले तं माहेराची लक्ष्मी म्हणून बुढीनं खाटेवरून उतरू नाई देल्लं. पाणीसुदिक हातात."

"ती बरी आहे ना? चेहऱ्यावर वण...?"

"एकबी नाई. हासते, खेळते. सारे बरे हायेत."

इतके दिवस छातीवर काय घेऊन हिंडत होतो ते तेव्हा कळलं. आता तरी खरं बोलायचं, असं ठरवून मी हात जोडले.

"देवराव, नीट ऐका. तुमच्या गावात हा आजार माझ्यामुळं आला. मला माहीत होतं की तो लागतो. लोक माझ्या पाया पडत होते, माझा उष्टा भात खात होते, आणि मी गप्प बसलो. मी शिकलेला माणूस. मला फार लाज वाटते. मला क्षमा करा."

देवरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, एका माणसाला तरी समजलं. त्यांनी माझे जोडलेले हात खाली केले, वाकून माझ्या पायाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

"हे तुमी सांगाच लागत नोतं, मास्तर. साऱ्या गावाले मालूम हाये, तुमच्याचमुळं आली." मग ते जरा घुटमळले, टोपी हातात फिरवली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "म्हणूनच बुढीनं मले पाठवलं. औंदा धाकट्याचं बी लगन काढून राहिलो. तारीख तुमी सांगसान तेच धरू. फक्त तवा पुन्हा थोडे आजारी पडसान का?"